अप्पांना बेसबॉलच्या सामन्याला न्यायचं का?

पत्र : ताई, नमस्कार. जुलैमध्ये आम्ही सहा जण अमेरिकेला दिरांकडे, सनीव्हेलला जाणार आहोत. मी, नवरा, सासू-सासरे, चौदा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. दिरांनी आम्हा सगळ्यांना सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सचा बेसबॉल सामना दाखवायचं ठरवलंय. शुक्रवारची रात्र, समोर डॉजर्सचा संघ आणि मैदानाला अगदी लागून आठ जागा. मुलगा आत्तापासूनच नाचतोय. नवऱ्याचं म्हणणं, तेवढ्या पैशांत योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात राहून येऊ. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, बँकेतून निवृत्त झालेत. इथल्या क्लबच्या क्रिकेट सामन्यांना वर्षानुवर्षं गुणलेखक म्हणून बसायचे. ते म्हणतात, "टप्पा न पडणारं क्रिकेट ते, त्यात बघायचं काय?" सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नाहीत. धाकटी अर्ध्या तासात "घरी कधी जायचं?" सुरू करेल. दिरांचं मन मोडवत नाही, पण तीन-चार तास प्रत्येकाचा चेहरा सांभाळत बसायची माझी तयारी नाही. जावं का? आणि गेलोच तर कसं?
– एक सून, ठाणे

उत्तर :

जा, नक्की जा. फक्त शुक्रवारी रात्री नको, डॉजर्सविरुद्ध नको आणि मैदानाला लागूनही नको.

तुमच्या भाऊजींनी प्रेमापोटी सगळ्यांत मोठा सामना निवडलाय. जायंट्स आणि डॉजर्स हे दोन्ही संघ मूळचे न्यूयॉर्कचे. १९५८ साली दोघांनी एकदमच कॅलिफोर्नियात बस्तान हलवलं आणि तिथलं हाडवैरही सोबत घेऊन आले. ज्याला या खेळाचं वेड आहे त्याने हा सामना जरूर बघावा. पण बेसबॉलची तिकिटं विमानाच्या तिकिटांसारखी दिवस आणि मागणी बघून महाग-स्वस्त होतात. शुक्रवारची रात्र, त्यात डॉजर्स आणि त्यातही पुढच्या रांगा, म्हणजे तिन्ही बाजूंनी महागाई. मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. जायंट्सचे आठवड्याच्या मधले काही सामने, बहुतेक बुधवारी किंवा गुरुवारी, भर दुपारी सुरू होतात. तुमच्या तारखांमध्ये असा एखादा सामना शोधा. समोर कोणता संघ आहे याने तुमच्या घरातल्या मुलाशिवाय कुणालाही फरक पडणार नाही, आणि मुलाला तरी कुठे फार पडणार आहे!

दुपारच्या सामन्याचा आग्रह मी फक्त पैशांसाठी धरत नाही. ठाण्याहून निघताना कॅलिफोर्निया म्हटलं की ऊन, समुद्रकिनारा, सुती कपडे असं चित्र डोळ्यांसमोर असतं. सनीव्हेलला ते खरंही आहे. पण जायंट्सचं ओरॅकल पार्क हे मैदान खाडीच्या अगदी काठावर आहे. जुलैतल्या रात्रीसुद्धा पाण्यावरून असा गार वारा सुटतो की तिथली नेहमीची माणसं जाकिटं घालून, मांडीवर पांघरूण घेऊन बसलेली दिसतात. दुखरे गुडघे घेऊन सासूबाईंनी त्या वाऱ्यात रात्री दहापर्यंत बसणं योग्य नाही. दुपारी गेलात तरी प्रत्येकासाठी एक स्वेटर आणि सासूबाईंसाठी शाल व पायमोजे असू द्याच. मळभ आलं की हवा लगेच बदलते. आणि एक, पोचल्याबरोबर पहिल्या तीन-चार दिवसांत सामना ठेवू नका. भारताच्या आणि तिथल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो. दुपारी एकचा सामना म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्रीचा दीड. अप्पा खुर्चीतच झोपतील आणि मग सगळे म्हणतील, बघा, कंटाळले. दुसरा आठवडा बरा.

आता जागांबद्दल. अप्पांना एकच प्रश्न विचारा. वानखेडेवर खेळ कळणारा माणूस कुठे बसतो? ते म्हणतील, गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत, थोडं उंचावर. इथेही तेच. फलंदाज उभा असतो त्या जागेला होम प्लेट म्हणतात. तिच्या पाठीमागे, वरच्या मजल्यावर जागा घ्या. तिथून चेंडू आत वळला की बाहेर गेला ते कळतं, सगळे क्षेत्ररक्षक एका नजरेत दिसतात, आणि ओरॅकल पार्कवर तर उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे खाडीचं पाणी आणि होड्याही दिसतात. ज्यांना खेळात रस नाही त्यांच्यासाठी हे दृश्यच पुरेसं आहे. मैदानाला लागून बसलं की खेळाडू जवळून दिसतात खरे, पण खेळाची मांडणी कळत नाही. शिवाय तडकावलेला चेंडू गर्दीत येण्याची भीती असते. आता संरक्षक जाळ्या पूर्वीपेक्षा बऱ्याच लांबपर्यंत लावलेल्या आहेत, तरी सात वर्षांच्या मुलीला घेऊन जाळीबाहेरच्या पुढच्या रांगेत बसू नये. तिथे प्रत्येक चेंडूवर मोठ्या माणसाची नजर लागते, आणि तुम्हाला तर आठ माणसांवर नजर ठेवायची आहे.

वरच्या मजल्याची अडचण म्हणजे चढ. ती आधीच सोडवून टाका. मैदानात लिफ्ट आहेत, तिकडूनच जा. भाऊजींना सांगा की तिकिटं काढताना वरच्या मजल्यावर जिथून आत शिरतो त्या वाटेजवळची रांग घ्यायची, अगदी शेंड्याकडची नाही. सासूबाईंची खुर्ची पायऱ्यांच्या कडेची असावी, म्हणजे पाय मोकळे करता येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सारखं उठावं लागत नाही. पायऱ्या अजिबातच झेपणार नसतील तर अशांसाठी वेगळ्या जागा असतात. त्या मागायला संकोच करू नका. तिकडे हे कुणी उपकार म्हणून देत नाही, हक्क म्हणून देतात. आणखी एक, आठही जण एका ओळीत बसू नका. या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही आणि मधल्यांना निरोप्याचं काम करत बसावं लागतं. पुढच्या ओळीत चार, मागच्या ओळीत चार असे बसलात की घरच्यासारखं बोलता येतं आणि डबा सगळ्यांपर्यंत पोचतो.

डब्याचं मी मुद्दाम सांगते, कारण सासूबाईंच्या जेवणाची काळजी तुमच्या पत्रात नीट दिसते. ओरॅकल पार्कवर घरचं खाणं आत नेऊ देतात. सगळ्याच मैदानांवर तसं नसतं. काच, दारू, पत्र्याचे कॅन चालत नाहीत. पिशवी केवढी चालते याचे नियम बदलत राहतात, म्हणून आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर एकदा वाचून घ्या आणि पाठीवरच्या भल्यामोठ्या सॅकऐवजी साधी कापडी पिशवी न्या. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चटणी, लाडू असं कोरडं काहीतरी कागदात किंवा पारदर्शक पिशवीत बांधा, म्हणजे दारात तपासणीला वेळ लागत नाही. हे मात्र सासूबाईंना आधी सांगून ठेवा की या मैदानावरचा सगळ्यांत नावाजलेला पदार्थ म्हणजे लसूण घातलेले बटाट्याचे तळलेले काप. लसणासाठी प्रसिद्ध असलेलं गिलरॉय हे गाव तिथून फार लांब नाही. त्यामुळे स्टेडियमभर लसणाचा वास दरवळत असतो. शेजारचा माणूस सॉसेज खात असेल आणि त्याच्या हातात बिअर असेल. दारातून आत शिरल्यावर हे अचानक कळण्यापेक्षा घरी चहा पिताना कळलेलं बरं. मग त्या स्वतःच ठरवतील.

आणि खरोखरच त्यांना ठरवू द्या. तुमच्या पत्रात अप्पा काय म्हणाले ते आहे, नवरा काय म्हणाला ते आहे, मुलगा नाचतोय ते आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते कुठेच नाही. त्यांचे गुडघे आहेत, त्यांचं पथ्य आहे, पण त्यांचं मत नाही. कुणी विचारलंच नसेल असं मला वाटतं. "आई, तुम्हाला यायचंय का?" एवढाच प्रश्न विचारा, तोही चौघांदेखत नाही, दोघीच असताना. आपल्या घरांतल्या या पिढीतल्या बायका चारचौघांत "तुमचं ठरेल ते" म्हणतात आणि मग ते निमूट पार पाडतात. कदाचित त्यांना घरी जाऊबाईंसोबत निवांत दुपार हवी असेल. तसं असेल तर ती त्यांना मिळू दे. उरलेले सहा जणही मजेत जातील. आणि यायचं म्हणाल्या तर त्या हौसेने येतील. तुम्हाला त्यांचा चेहरा सांभाळावा लागणार नाही.

अप्पांचं वेगळं आहे. अप्पांना मी घरी ठेवू देणार नाही!

वर्षानुवर्षं गुणलेखन केलेला माणूस बेसबॉलच्या सामन्याला जातोय, यासारखा योग नाही. हा खेळ वहीत जसा उतरतो तसा जगातला दुसरा कुठलाही खेळ उतरत नसेल. आणि त्याच्या वहीचा पाया एका क्रिकेटवाल्यानेच घातलाय. हेन्री चॅडविक, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, जन्म १८२४ चा. लहानपणीच अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रं लिहू लागला. तेव्हा अमेरिकेत क्रिकेट जोरात होतं. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली न्यूयॉर्कमध्येच झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. पुढे चॅडविकला बेसबॉलची गोडी लागली आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने या खेळाचा गोषवारा मांडायची पद्धत बसवली. आज अमेरिकेच्या बेसबॉलमधल्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचं नाव आहे. तेव्हा अप्पांना सांगा की तुमच्याच जातकुळीतल्या माणसाने हा खेळ कागदावर आणला.

जायच्या आदल्या दिवशी गुणलेखनाचा कोरा तक्ता छापून घ्या. इंटरनेटवर शोधलात तर लगेच मिळतो. दोन टोकदार पेन्सिली, एक खोडरबर आणि खाली धरायला पुठ्ठा. मग अप्पांना एवढंच समजावा : मैदानावरच्या नऊ जणांना नऊ आकडे ठरलेले आहेत. चेंडू फेकणारा एक, त्याच्यासमोरचा यष्टिरक्षक दोन. फलंदाजाला धावत एकामागून एक गाठायची ठिकाणं म्हणजे बेस. पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्यावरचा चार, तिसऱ्यावरचा पाच. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, तो सहा. लांबचे तिघे डावीकडून सात, आठ, नऊ. हे खेळाडूच्या पाठीवरचे आकडे नव्हेत, जागेचे आहेत. फलंदाजाने सरपटता चेंडू मारला, शॉर्टस्टॉपने तो उचलून दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून लगेच पहिल्या बेसवर, आणि एकाच फटक्यात दोघे बाद झाले, तर वहीत लिहायचं ६-४-३. एवढ्या तीन आकड्यांत कुणी उचलला, कुठे दिला, कसे बाद झाले ते सगळं आलं. फलंदाज चेंडू हुकवून बाद झाला तर इंग्रजी 'के' हे अक्षर. बॅट न फिरवताच, नुसता बघत राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटं. प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा काढलेला असतो. फलंदाज ज्या बेसपर्यंत पोचला तिथवर रेघ ओढायची, आणि चारही पूर्ण करून घरी आला तर तो हिरा पेन्सिलने भरून टाकायचा. म्हणजे एक धाव. दुसऱ्या डावापर्यंत अप्पांना हात बसेल. तिसऱ्यापासून ते तुम्हालाच सांगतील, आत्ता काय झालं ते.

टप्पा पडत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे. खेळपट्टीचा खेळ इथे नाही, आणि ज्याचं आयुष्य फिरकी बघण्यात गेलं त्याला ते खटकणारच. पण हवेतल्या हवेत चेंडूला काय काय करायला लावतात ते त्यांनी वरून, पाठीमागून बघावं. फेकणारा उभा असतो साडेसाठ फुटांवर. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे फलंदाजाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. पुढचाच चेंडू त्याच हातातून, त्याच लकबीने, पण कितीतरी हळू येतो आणि शेवटच्या क्षणी खाली पडतो. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. म्हणून तर इथे दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम गणला जातो. अमेरिकन आणि नॅशनल या दोन प्रमुख लीगांमध्ये मोसमभर दहापैकी चारांच्या वर राहिलेला शेवटचा फलंदाज टेड विल्यम्स, साल १९४१, सरासरी .४०६. क्रिकेटमध्ये बाद होणं ही घटना असते, इथे धाव होणं ही घटना असते. एवढी एक गोष्ट उलटी करून बघितली की "तासभर झाला, काहीच घडलं नाही" असं वाटत नाही. खरं तर सगळं घडत असतं, फक्त फलकावर दिसत नाही.

मैदानाबाहेर विली मेजचा पुतळा आहे. तिथे अप्पांना दोन मिनिटं थांबवा. मेज जायंट्सचा सगळ्यांत लाडका खेळाडू, २०२४ मध्ये गेला. त्याचा क्रमांक २४, म्हणून पुतळ्याभोवती चोवीस ताडाची झाडं आणि उजवीकडची भिंत चोवीस फूट उंच. १९५४ च्या अंतिम मालिकेत त्याने फलंदाजाकडे पाठ करून धावत धावत, खांद्यावरून येणारा एक झेल घेतला होता. सत्तर वर्षं झाली तरी तिथली माणसं त्याबद्दल बोलतात, जसे आपण १९८३ मध्ये लॉर्ड्‌सवर कपिलने मागे धावत घेतलेल्या रिचर्ड्‌सच्या झेलाबद्दल बोलतो. हा झेल जाण्यापूर्वी अप्पांना मोबाइलवर दाखवा. त्यानंतर "त्यात बघायचं काय" हा प्रश्न ते पुन्हा विचारतील असं मला वाटत नाही. शिवाय मैदानाला ज्या कंपनीचं नाव आहे, त्याच ओरॅकलमध्ये नोकरी सांभाळत आपला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून क्रिकेट खेळला. मुंबईकडून रणजी खेळलेला हा मुलगा. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्यानेच टाकली आणि अमेरिकेला जिंकवलं. अप्पांना हे माहीत असणारच, पण तिथे उभं राहून आठवायला त्यांना आवडेल.

थोरल्याला एक काम द्या. घरातल्या बाकीच्यांना खेळ समजावण्याचं, आणि तोही फक्त तीन वाक्यांत. तीन चेंडू चुकले की फलंदाज बाद, चार वाईट पडले की त्याला पहिला बेस फुकट. तिघे बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव. चारही बेस फिरून परत आला की एक धाव. याहून जास्त सांगायचं नाही, अशी अट घाला. चौदा वर्षांच्या मुलांना माहिती सांगायचा एवढा उत्साह असतो की ऐकणाऱ्याला सामना बघायलाच मिळत नाही. त्याला स्वतःला बघण्यासारखं मैदानातलं घड्याळ आहे. २०२३ पासून चेंडू फेकायला वेळेची मर्यादा आली. बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंद. आधी तीन तासांहून लांबणारे सामने त्यामुळे बरेच आवरले, आता सहसा पावणेतीन तासांच्या आत संपतात. तुम्ही धरलेले चार तास लागायचे नाहीत. बरोबरीत मात्र सोडत नाहीत. नऊ डावांनंतर गुण सारखे असतील तर निकाल लागेपर्यंत खेळतात. त्याला आधी पोचून खेळाडूंचा सराव बघायचा असेल तर काका-पुतण्यांनी आधीच्या गाडीने जावं, बाकीच्यांनी मागून यावं. त्यासाठी सगळ्यांनी ताटकळायचं कारण नाही.

धाकटीची चिंता सोडा. डाव्या बाजूच्या उंच मोकळ्या जागेत सोड्याच्या भल्यामोठ्या बाटलीच्या आकाराची घसरगुंडी आहे आणि शेजारी चामड्याच्या जुन्या हातमोज्याची प्रचंड प्रतिकृती. तिसऱ्या-चौथ्या डावात तिला तिकडे घेऊन जा, म्हणजे बसून राहण्याचा ताण मधेच तुटतो. उजव्या भिंतीपलीकडे पाण्यात लोक छोट्या होड्या घेऊन वाट बघत बसलेले असतात, कारण उत्तुंग फटका थेट खाडीत पडला तर तो चेंडू पकडायचा असतो. तिला त्या होड्या मोजायला सांगा. सातव्या डावाच्या मधे सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, हातपाय ताणतं आणि एकसुरात एक जुनं गाणं म्हणतं. त्याचे शब्द तिला आधीच शिकवून ठेवा. मुलांना हजारो अनोळखी माणसांबरोबर गायला मिळणं फार आवडतं. आणि सामना संपत आला की सांडलेलं खाणं टिपायला खाडीवरचे समुद्रपक्षी थव्याने येऊ लागतात. काही मैदानांवर ठरावीक रविवारी सामना संपल्यावर लहान मुलांना प्रत्यक्ष बेसवरून धावू देतात. रविवार जमत असेल तर वेळापत्रकात तेवढं बघा. त्यासाठी मी माझा बुधवार-गुरुवारचा आग्रहही सोडेन.

सुरुवातीला राष्ट्रगीत होतं. सगळे उभे राहतात, टोप्या काढतात. आपणही उभं राहायचं, एवढाच शिष्टाचार. अधेमधे उठून गेलात, सातव्या डावानंतर निघालात, तरी कुणी वळून बघत नाही. कित्येक तिथलेच लोक शेवट न बघता निघतात. म्हणून घरातून निघण्यापूर्वी सगळ्यांदेखत एक ठरवून टाका : सासूबाई किंवा धाकटी "आता पुरे" म्हणाली की दोन मोठी माणसं त्यांच्यासोबत निघतील, आणि अप्पा, थोरला व भाऊजी शेवटपर्यंत बसतील. आठही जणांनी एकत्र यायचं आणि एकत्रच जायचं या हट्टापायी कित्येक चांगल्या सहली रडतखडत संपतात. तुम्ही कुठल्या गटात असाल हे मात्र दर वेळी गृहीत धरू देऊ नका. या वेळी तुमच्या नवऱ्याने आईला आणि मुलीला घेऊन निघावं, तुम्ही बसा. चेहरे सांभाळायचं काम एकटीचं नाही.

जाण्या-येण्याला कार नको. मैदानाजवळ गाडी लावणं महाग आणि सामन्यानंतर बाहेर पडणं त्याहून कठीण. सनीव्हेलहून कॅलट्रेन थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाते, साधारण तासाभरात. शेवटचं स्थानक मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. २०२४ पासून नव्या विजेच्या गाड्या धावतात, बसायला चांगल्या आहेत, ज्येष्ठांना तिकिटात सवलतही मिळते. ठाण्याच्या माणसाला लोकलची सवय असतेच. परतीच्या गाडीला जायंट्सच्या केशरी-काळ्या टोप्यांची गर्दी असेल, पण ती ठाण्याची लोकल नाही, जागा मिळते. परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. सामन्याची तिकिटं मोबाइलवरच येतात, तेव्हा भाऊजींना ज्याचं तिकीट त्याच्या किंवा जोडीदाराच्या मोबाइलवर आधीच पाठवायला सांगा. एकाच फोनमध्ये आठ तिकिटं आणि त्याची बॅटरी संपलेली, असं दारात व्हायला नको.

राहिला पैशांचा आणि मन राखण्याचा प्रश्न. नवऱ्याचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, पण योसेमिटी विरुद्ध सामना अशी निवड शुक्रवारच्या महागड्या जागांमुळे करावी लागत होती. मधल्या वारी, दुपारी, वरच्या मजल्यावर बसलात की खर्च इतका उतरतो की दोन्ही होईल. हे भाऊजींना नवऱ्याने नाही, तुम्ही सांगा, आणि पैशाच्या अंगाने नाही, अप्पांच्या अंगाने सांगा. "भाऊजी, अप्पांना गुणलेखन करायचंय, त्यासाठी पाठीमागून आणि वरून दिसायला हवं." ते खरंच आहे आणि ते ऐकून त्यांना आनंदच होईल. वर्षानुवर्षं परदेशात राहणाऱ्या मुलाला आपलं तिथलं आयुष्य आई-वडिलांना आवडावं असं फार वाटत असतं. महागडी तिकिटं हा त्यातलाच प्रकार आहे. तिकिटं त्यांना काढू द्या, त्यावरून ओढाताण करू नका. तुम्ही खाण्याचा आणि मुलांच्या टोप्यांचा खर्च करा. टोप्या मैदानाबाहेरच्या मोठ्या दुकानांत बऱ्याचदा स्वस्त मिळतात, म्हणून त्या दोन दिवस आधीच घ्या.

आणि एवढं सगळं करूनही कुणाचंच एकमत झालं नाही, तर उजव्या भिंतीच्या बाहेर, पाण्याच्या कडेने जाणाऱ्या सार्वजनिक वाटेवर कमानी आहेत. तिथल्या जाळीतून मैदान दिसतं आणि उभं राहून सामना बघायला पैसे लागत नाहीत. गर्दी असेल तर काही डावांनंतर मागच्यांना जागा करून द्यावी लागते. संध्याकाळी फिरायला म्हणून गेलात आणि एक डाव उभ्याने बघितलात तरी अप्पांना आत जायचंय की नाही ते तिथेच कळेल. मात्र त्या दिवशीही पेन्सिल आणि तक्ता पिशवीत असू द्या.